राजराज चोळाचा जमाखर्च आणि आपला जीर्णोद्धार

२०१९ च्या जून महिन्यात तमिळनाडूत एका चित्रपट दिग्दर्शकावर पोलिसांनी गुन्हा दाखल केला. हजार वर्षांपूर्वीचा तमिळ राजा राजराज चोळ याचा काळ दलितांसाठी अंधारयुग होता, त्यांच्या जमिनी त्याच काळात गेल्या, असे तो एका सभेत बोलला होता. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापर्यंत गेले. पुढे २०२२ मध्ये राज्य सरकारने राजराजाची जयंती, तिथला ‘सदय विळा’, सरकारी पातळीवर साजरी करण्याचे जाहीर केले. एकाच राजावरून एकीकडे फिर्याद आणि दुसरीकडे पुष्पहार. दोन्ही बाजूंचा आवेश खरा आहे. पण सुवर्णयुग म्हणणारे आणि अंधारयुग म्हणणारे, दोघांनीही एक गोष्ट बाजूला ठेवली आहे. या राजाने आपल्या कारभाराचा जमाखर्च तंजावरच्या देवळाच्या दगडावर कोरून ठेवलेला आहे आणि तो आजही वाचता येतो.

राजराजाला हार घालायचा असो की जाब विचारायचा असो, वाट या कोरीव लेखांतूनच जाते. म्हणून हे लेख, आणि दक्षिणेतल्या हजारो लहान देवळांवरचे त्यांचे भाऊबंद, जपणे आणि सर्वांना वाचता येतील असे करणे हे जयंतीपेक्षा आधीचे सार्वजनिक काम आहे. आज ते काम मागे पडले आहे. उलट भक्तीच्या नावाने होणाऱ्या जीर्णोद्धारातच अक्षरे पुसली जात आहेत.

राजराजाचे राज्य इ. स. ९८५ ते १०१४. मूळ नाव अरुळमोळी. तंजावरचे मोठे देऊळ, त्याच्या लेखांतले नाव राजराजेश्वरम्, १०१० च्या सुमारास पुरे झाले. राज्यवर्ष २५, दिवस २७५ या दिवशी त्याने शिखरावर चढवायला तांब्याचा कळस दिला. त्याचे तांबे ३,०८३ पलम आणि त्यावरचा सोन्याचा पत्रा २,९२६½ कळंजु, अशी त्या काळच्या वजनमापांसकट नोंद आहे. राज्यवर्ष २६ च्या विसाव्या दिवशी राजवाड्यातल्या स्नानगृहात बसून त्याने हुकूम दिला: आम्ही दिलेले, अक्काने दिलेले, आमच्या स्त्रियांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले, सारे श्रीविमानाच्या, म्हणजे मुख्य देवळाच्या, दगडावर कोरा. अक्का म्हणजे थोरली बहीण कुंदवै. तिचे नाव राण्यांच्या आधी येते, आणि तिच्या दानांची यादी पाहिली की का येते ते कळते.

दानलेख म्हटले की आपल्याला चार ओळींची स्तुती आणि शेवटी शापवचन आठवते. तंजावरचे लेख तसे नाहीत. ती कीर्द-खतावणी आहे. उदाहरणादाखल गणपतीच्या केळ्यांची नोंद घेऊ. परिवारदेवतांमधल्या गणपतीला रोज १५० केळी ठेवायची होती. त्यासाठी राजाने तंजावरच्या पेठांतल्या व्यापाऱ्यांकडे ३६० कासु (कासु हे तेव्हाचे नाणे) ही रक्कम कायम ठेव म्हणून दिली. व्याज दर कासूला वर्षाला एक अष्टमांश कासु, म्हणजे साडेबारा टक्के. केळ्यांचा भाव एका कासूला १,२००. वर्ष ३६० दिवसांचे धरलेले. आता मांडून पाहा. रोज १५० प्रमाणे वर्षाची ५४,००० केळी, त्यांची किंमत ४५ कासु, आणि ३६० कासूंचे एक अष्टमांश व्याजही ४५ कासु. बाकी शून्य. रक्कम पेठांत वाटलेली होती. ६० कासु घेणाऱ्या पेठेने रोज २५ केळी द्यायची, हेही त्याच हिशेबात बसते. मुद्दलाला हात लागत नाही, देवाला केळी चुकत नाहीत, आणि कोणी कमी दिली तर कोणत्या पेठेने कमी दिली ते दगडावरच दिसते.

दागिन्यांच्या यादीत हीच नजर दिसते. मोत्यांचे प्रकार वेगवेगळे: गोल, गोलसर, घासलेले, बारीक, खडबडीत. वजन देताना त्यात दोरा आणि लाख धरली आहे की नाही ते सांगितलेले. हिऱ्यांबद्दल तर असे लिहिले आहे की यांत भोके असलेले, तडे गेलेले, लाल ठिपक्यांचे, काळ्या ठिपक्यांचे आणि जळल्यासारखे डाग असलेलेही आले. राजाने देवाला दिलेल्या हिऱ्यांतले दोष राजाच्याच देवळावर, राजाच्याच हुकमाने लिहिले जातात. हे लिहिणारा कारकून स्तुतिपाठक नव्हता. पुढे कधी हिरा बदलला गेला तर तो ओळखता यावा म्हणून त्याने ही काळजी घेतली.

याच कारणासाठी या लेखांवर विश्वास ठेवता येतो. आरंभीची प्रशस्ती, म्हणजे ‘मेय्कीर्ति’, ही दरबारी भाषा आहे आणि ती तशीच वाचावी. त्यानंतर येणारा हिशेब मात्र रोज वापरायचा होता. तो खोटा लिहिला असता तर दुसऱ्याच दिवशी केळी कमी पडली असती.

नंदादीपांची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी मेंढपाळ-गवळ्यांच्या हवाली करायच्या, आणि त्यांनी रोज ठरल्या मापाचे तूप देवळात पोचवायचे. चोळकालीन लेखांत या मेंढ्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ म्हटले आहे. हे कवित्व नाही, करारातली अट आहे. मेंढी मेली, भाकड झाली, रोगाने कळप बसला, तरी हिशेबात ९६ कायम. वाढावा झाला तर तो मेंढपाळाचा, आणि तूट पडली तर तीही त्याचीच. मेंढपाळाच्या नावाबरोबर जबाबदार नातेवाइकांची नावे येतात, म्हणजे तो गेल्यावरही तूप थांबू नये. देवळाने जोखीम पूर्णपणे दुसऱ्याच्या अंगावर टाकली होती. अवर्षणात चारा संपला की या कराराचा भार कोणाच्या घरावर पडत असेल, हे सांगायला वेगळा लेख लागत नाही.

हीच गोष्ट गावांना दिलेल्या ठेवींची. ब्राह्मण गावांच्या सभांना देवळाने रकमा दिल्या आणि व्याज भाताच्या रूपात ठरवले: दर कासूला वर्षाला तीन कुरुणी. बारा कुरुणी म्हणजे एक कलम. कलम हे धान्याचे मोठे माप, आणि भाताचा भाव कासूला दोन कलम, म्हणजे चोवीस कुरुणी. चोविसात तीन, पुन्हा एक अष्टमांशच. आठ वर्षांत मुद्दलाइतके व्याज देऊन होते आणि मुद्दल तसेच डोक्यावर राहते, कारण ही ठेव चंद्रसूर्य असेपर्यंतची. या व्यवस्थेचे कौतुक करणारे तिला ग्रामीण पतपुरवठा म्हणतात. ते अर्धे खरे आहे. गावाला तळे खोदायला किंवा पडीक जमीन लागवडीला आणायला रोकड मिळाली असेल. पण त्या गावाच्या पुढच्या सर्व पिढ्या त्या व्याजाला बांधल्या गेल्या. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत आहेत आणि दोन्ही वाचायला हव्यात.

आता जमीन, जिच्यावरून २०१९ मध्ये गुन्हा दाखल झाला. राजराजाच्या कारकिर्दीत, १००१ च्या सुमारास, चोळ देशाची मोजणी झाली. तिच्या अधिकाऱ्याला ‘उलगळंदान्’, जग मोजणारा, असे बिरुद मिळाले. एकक ‘वेली’, आजच्या हिशेबाने सुमारे साडेसहा एकर. वेलीचा विसावा भाग मा, ऐंशीवा काणी, तीनशे विसावा मुंदिरी, आणि त्याखाली पुन्हा ३२० ने भागत जायचे. त्यातून वेलीच्या ५,२४२ कोटी ८८ लाखाव्या भागापर्यंतचा अपूर्णांक लेखांत येतो. याचा उल्लेख करून चोळांची मोजणी किती सूक्ष्म होती असे नेहमी सांगितले जाते. थोडे गणित केले तर तो भाग अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या आसपास निघतो. एवढी जमीन कोणत्याही काठीने मोजता येत नाही. तो गुणाकार-भागाकारातून उरलेला आकडा आहे, आणि हिशेबनिसाने तो टाकून न देता पुढे ओढला. चोळांच्या मोजणीदाराचे कौतुक जरूर करावे, पण खरे कौतुक त्यांच्या हिशेबनिसाचे आहे.

देवळाला लावून दिलेल्या गावांची नोंद एका ठरावीक क्रमाने येते. आधी गावाचे एकूण क्षेत्र. मग त्यातून सारा न लागणारी जमीन वजा: गावठाण, देवळे, तळी, गावातून जाणारे पाट, कारागिरांची वस्ती, परैच्चेरी म्हणजे परैय या दलित जातीची वस्ती, आणि स्मशान. काही गावांत वेळ्ळाळ या शेतकरी जातीचे स्मशान वेगळे आणि परैयांचे वेगळे लिहिलेले आहे. उरली ती साऱ्याची जमीन आणि तिच्यावर इतके कलम भात. वस्ती वेगळी, मेल्यानंतरची जागाही वेगळी, आणि हे सारे महसुली वजावटीत, कोणत्याही टिप्पणीशिवाय. या नोंदी समोर असताना राजराजाच्या काळात जातिभेद नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही. हजार वर्षांपूर्वी ही विभागणी इतकी पक्की होती की कारकुनाच्या दृष्टीने ती तळ्याइतकीच स्थिर होती.

मग जमिनी हिसकावल्याचे काय? इथे सावधपणे वाचावे लागते. कांचीपुरमच्या बाजूच्या उक्कल गावी राजराजाच्या चोविसाव्या वर्षाचा हुकूम आहे. राज्यवर्ष १६ ते २३ या काळात ज्यांनी दोन पूर्ण वर्षांचा सारा थकवला, त्यांच्या जमिनी गावाने ताब्यात घेऊन विकाव्यात, असा त्याचा आशय. तो लागू होता ब्राह्मण, वैखानस (विष्णुपूजकांचा एक पंथ) आणि जैन यांच्या गावांना. म्हणजे थकबाकीची कुऱ्हाड वरच्या थरातल्या जमीनमालकांवरही पडत होती, आणि ती मोजणीनंतर लगेच पडू लागली. दुसरीकडे चोळकालीन काही दानलेखांत ‘कुडि नीक्कि’ असे येते: आधीच्या कुळांना हटवून जमीन दिली. हटवलेली कुळे कोण होती, ती कुठे गेली, याची नोंद दानलेख करत नाही, कारण त्यांच्याकडून यापुढे काही यायचे नव्हते. म्हणून ‘राजराजाने दलितांच्या जमिनी काढून घेतल्या’ हे विधान या लेखांतून जसेच्या तसे सिद्ध होत नाही, आणि ‘कोणाचे काही गेले नाही’ हे विधान तर मुळीच टिकत नाही. अशा प्रश्नावर पोलिसांनी काय करायचे असते? हे काम लेख वाचणाऱ्यांचे आहे.

त्याच राजाचा दुसरा दस्तऐवज याच्या शेजारी ठेवावा. समुद्रापलीकडच्या, सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय राज्याच्या राजाने नागपट्टिनमला बौद्ध विहार बांधला, चूडामणि विहार. त्याला राजराजाने २१ व्या राज्यवर्षी, १००६ मध्ये, आनैमंगलम् हे गाव दिले. त्याचा ताम्रपट एका कडीत ओवलेल्या २१ पत्र्यांचा आहे, आणि तो नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात गेल्यामुळे त्याच नावाने ओळखला जातो. राजाने तोंडी हुकूम दिल्यापासून गाव हातात पडेपर्यंतची वाट त्यात दिसते: हुकूम ऐकून लिहिणारा, लिहिलेले तपासणारा, साऱ्याच्या वहीत चढवणारा, मग गावचे लोक आणि सरकारी माणसे मिळून हत्तीण फिरवून हद्द दाखवतात, हद्दीवर दगड आणि निवडुंग लावतात. सुमारे ९७ वेली जमिनीवर ८,९४३ कलमांहून थोडे अधिक भात, म्हणजे वेलीमागे ९२ कलमांच्या आसपास. शिवभक्त राजा परदेशी राजाच्या बौद्ध विहाराला गाव देतो, आणि त्याच सूक्ष्मपणे देतो. व्यापारी समुद्रमार्गाचे राजकारण त्यात आहेच, म्हणून दान खोटे ठरत नाही.

राज्यवर्ष २९ चा लांबलचक लेख देवळातल्या माणसांचा आहे. राजराजाने चोळ देशातल्या निरनिराळ्या देवळांतून ४०० स्त्रिया तंजावरला आणून देवळाभोवतीच्या तळिच्चेरीत, म्हणजे देवळाच्या सेवेकऱ्यांच्या वस्तीत, वसवल्या. लेख घराघराने पुढे सरकतो: अमुक गल्ली, तिची दक्षिणेकडची ओळ, पहिले घर, राहणारीचे नाव, ती मूळ कोणत्या गावच्या कोणत्या देवळातली. मग दुसरे घर. असे चारशे. प्रत्येकीला एक वाटा, म्हणजे एक वेली जमिनीचे वर्षाला १०० कलम भात, ‘आडवल्लान्’ नावाच्या मापाने मोजून. नाचाच्या गुरूंना दोन वाटे. पुढे गायक, वादक, हिशेबनीस, शिंपी, परीट, न्हावी. कोणी मेले किंवा गाव सोडून गेले तर त्याच्या जवळच्या नातेवाइकाने वाटा घेऊन काम करावे. तो लायक नसेल तर त्याने लायक माणूस नेमावा. नातेवाईक नसेल तर त्याच कामातल्या इतरांनी लायक माणूस निवडावा. वतनदारीचे तंटे वाचलेल्या मराठी वाचकाला या कलमाची किंमत लगेच कळेल. वारसा मान्य, पण लायकीची अट पुढे ठेवलेली. वतनाच्या कागदांत ही अट शोधावी लागते.

पण या लेखात एक गोष्ट कुठेही नाही, ती म्हणजे या चारशे जणींची संमती. वेतन आहे, घर आहे, नाव आहे, मूळ गाव आहे. मध्ययुगातल्या कोणत्या राजाने चारशे कामकरी स्त्रियांची नावे राजाच्या दानांइतकीच टिकतील अशी कोरली? आणि त्या आपापली गावे सोडून कशा आल्या, हे त्यांनाच विचारायचे राहून गेले. हा लेख वाचताना आदर आणि अस्वस्थता दोन्ही वाटतात, आणि मला त्यातले एकही सोडावेसे वाटत नाही.

हे सोने आले कुठून तेही दगडच सांगतो. मलैनाडूत, म्हणजे आजच्या केरळच्या बाजूला, चेर राजा आणि पांड्य यांना जिंकून आणलेल्या भांडारातून अमुक भांडी, सत्याश्रयाला जिंकून परतल्यावर वाहिलेली सोन्याची फुले, अशा नोंदी आहेत. सत्याश्रय हा पश्चिम चालुक्यांचा राजा. मेय्कीर्तीतली ‘साडेसात लाखांची रट्टपाडी’ म्हणजे पूर्वीचा राष्ट्रकूटांचा मुलूख, त्यात महाराष्ट्राचा मोठा भाग येतो. या स्वारीची दुसरी बाजू आजच्या कर्नाटकातल्या होट्टूर गावच्या १००७ च्या कन्नड लेखात आहे. चोळ नऊ लाखांची फौज घेऊन आले, देश लुटला, बायका, मुले, ब्राह्मण मारले, मुली पळवल्या. नऊ लाख हा आकडा कोणी खरा धरू नये. तो लेख चालुक्यांच्या बाजूचा आहे. पण तंजावरची सोन्याची फुले आणि होट्टूरचा आक्रोश एकाच मोहिमेचे दोन कागद आहेत. देवळाला शेवटी जमिनींतून वर्षाला सुमारे १,१६,००० कलम भात आणि १,१०० कासु येऊ लागले. सिंहलातली काही गावेही लावून दिलेली होती. माझ्या मते राजराजाचे राज्य म्हणजे धान्य, सोने आणि माणसे एका ठिकाणी ओढून आणणारे आणि मग त्यांचा कणाकणाने हिशेब ठेवणारे राज्य होते. त्या हिशेबाला दया समजू नये, आणि त्यात दया नाही म्हणून त्याची थोरवी नाकारूही नये.

आता कल्पना करा की हे लेख नसते. कल्पनेचीही गरज नाही, कारण काही शतके ते असून नसल्यासारखेच होते. जुनी लिपी वाचणारे उरले नव्हते. बृहदीश्वराच्या, म्हणजे याच देवळाच्या, स्थलमाहात्म्यात हे देऊळ करिकाल चोळाने कुष्ठातून बरे झाल्यावर बांधले अशी कथा होती आणि लोक तेच सांगत. १८८६ नंतर जर्मन लिपितज्ज्ञ हुल्ट्श यांनी भिंतींवरचे लेख वाचून प्रसिद्ध करायला घेतले, तेव्हा राजराजाचे नाव परत आले. ज्याची जयंती आज सरकार साजरी करते आणि ज्याला मंत्री हार घालतात, त्याला त्याच्याच प्रजेच्या आठवणीत परत आणले ते दगडावरच्या अक्षरांनी.

तंजावरचे देऊळ १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, त्याची चिंता तुलनेने कमी. खरी चिंता गावोगावच्या त्या देवळांची, जिथे दर बारा वर्षांनी कुंभाभिषेक, म्हणजे देवळाची पुनःप्रतिष्ठा, होतो आणि त्याआधी रंगसफेदी, दुरुस्ती, नवी फरशी येते. नुकसान कसे होते ते सांगतो. लेख बहुतेक वेळा अधिष्ठानावर, म्हणजे जोत्याच्या थरांवर सुरू होतात. तिथेच लोकांचा हात, तेलाचा ओघळ आणि पावसाचे शिंतोडे पोचतात. अंगणात नवी फरशी घालताना जमीन अर्धा-एक फूट वर येते आणि खालच्या ओळी गाडल्या जातात. सांध्यांत सिमेंट भरले की अक्षरांतही भरते, आणि सिमेंटमधले क्षार दगडाच्या पृष्ठभागाला पापुद्रे आणतात. काजळी काढायला वाळूचा फवारा मारला तर सगळ्यात वाईट. अक्षरे काही मिलिमीटर खोल असतात आणि फवारा आधी त्यांच्या कडाच खातो. लांबून देऊळ लखलखीत दिसते, जवळ गेल्यावर अक्षराऐवजी उथळ खळगे दिसतात. चुन्याच्या सफेदीने एवढे बिघडत नाही, ती पाण्याने आणि मऊ ब्रशने हळूहळू निघते. ऑइल पेंट मात्र ओल आत कोंडतो, आणि तो काढायला पुढे कोणीतरी तारेचा ब्रश किंवा छिन्नी घेतोच.

दगड उतरवून पुन्हा रचताना होणारी चूक वेगळी. लेखाची एक ओळ देवळाच्या भिंतीभर, कधी कधी पूर्ण प्रदक्षिणा घालून जाते. म्हणून एका दगडावर दहा ओळींचे दहा तुकडे असतात. तो एक दगड दुसरीकडे बसला, उलटा बसला किंवा बदलला, की दहाही ओळी तुटतात. दगड उतरवण्याआधी प्रत्येकाला थर आणि क्रम यांचा आकडा, तोही न दिसणाऱ्या वरच्या बाजूला, आणि सोबत भिंतीचे मोजमापी छायाचित्र, एवढे केले तर हे टळते.

आणि सगळ्याच्या आधी लेखाचा कागदावर ठसा. त्याची पद्धत जुनी, स्वस्त आणि शिकता येण्यासारखी आहे. दगड मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने स्वच्छ करायचा, शेवाळ बांबूच्या काडीने सोडवायचे, आम्ल अजिबात नाही. चिवट कागद भिजवून दगडावर पसरायचा, आतली हवा कडेकडे सारायची, मग दाट केसांच्या ब्रशने ठोकत कागद अक्षरांच्या खाचांत बसवायचा. जोराने ठोकला तर फाटतो, हळू ठोकला तर खाच धरत नाही. कागद अर्धवट वाळल्यावर काजळाच्या शाईचा बोळा हलक्या हाताने थापायचा. सपाट भागावरचा कागद काळा होतो, अक्षरे पांढरी राहतात. कागद फार ओला असेल तर शाई पाझरून दगडावर जाते, फार वाळला तर आपणहून सुटतो आणि ठसा हलतो. ठसा काढता येत नसेल तर अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड टाकावा आणि वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घ्यावेत. दिवसा न दिसणारी अक्षरे उठून दिसतात. अक्षरांत खडूची पूड किंवा रंग भरून फोटो काढण्याची सवय मात्र सोडायला हवी, कारण भरणारा आपल्याला वाटते तेच अक्षर भरतो आणि पुढचा वाचक त्याचीच चूक वाचतो.

जीर्णोद्धार करणाऱ्यांना हे सारे अडथळे वाटतात. देऊळ जिवंत आहे, संग्रहालय नाही, असे ते म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात. गळके छप्पर, निखळलेले दगड, मुळांनी फोडलेले शिखर तसेच ठेवून कोणाचेच भले नाही. पण याचे उत्तर खुद्द राजराजाने दिलेले आहे. कावेरीच्या उत्तरेला तिरुमळपाडी गावचे देऊळ पाडून नवे बांधण्याचा हुकूम त्याने २८ व्या राज्यवर्षी दिला. पाडण्याआधी भिंतींवरचे जुने लेख वहीत उतरवून घेतले गेले. नवे विमान उभे राहिल्यावर त्याच्या मुलाच्या, राजेंद्राच्या १४ व्या वर्षी, ते वहीतून काढून नव्या दगडावर कोरले गेले. मध्ये राजा बदलला, डझनभर वर्षे गेली, वही सांभाळली गेली. कारण जुना लेख पुसला तर कोणाच्या तरी दिव्याचे तूप, कोणाच्या तरी जमिनीचा हक्क पुसला जाणार होता. चोळांना नवे देऊळ बांधताना जुनी नोंद ही देणी-घेणी वाटत होती, आजच्या कंत्राटात ती सफाईची बाब झाली आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. तंजावरच्या त्याच देवळाच्या आवारात १८०३ मध्ये सरफोजी राजांनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत, देवनागरीत कोरवून घेतले. राजराजाच्या हिशेबाशेजारी आपलाही एक लांबलचक कागद त्या दगडावर आहे. आणि ज्या दिवसांत तंजावरला केळ्यांचे व्याज कोरले जात होते, जवळपास त्याच दिवसांतला, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला जाणारा मराठी लेख अलिबागजवळ अक्षीला आहे. त्यातही देवीसाठी धान्य लावून दिल्याचीच नोंद. मराठीच्या आरंभीच्या लेखांत ज्याचे नाव आपण अभिमानाने घेतो, तो दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. आपल्याकडे गावच्या देवळाला मार्बल आणि टाइल लावताना उंबऱ्याजवळचा लेख किंवा गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड) आत चिणून टाकली जाते, शेंदराच्या पुटांखाली अक्षरे जातात, वीरगळ पायरी होतो.

काढलेल्या ठशांचे काय होते हा पुढचा प्रश्न. पुरातत्त्व खात्याच्या पुराभिलेख शाखेने १८८७ पासून घेतलेले ठसे हजारोंनी म्हैसूरला साठले. तमिळ लेखांचे ठसे चेन्नईला हलवा, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये द्यावा लागला. कागद कोणत्या शहरात असावेत यावरून भांडण झाले, पण ते प्रसिद्ध केव्हा होणार हा प्रश्न त्या गडबडीत मागे पडला. दक्षिण भारतीय लेखांच्या अधिकृत मालेतल्या पहिल्या खंडांत भाषांतरे होती. नंतरचे बरेच खंड नुसत्या मूळ पाठाचे आहेत. त्यामुळे राजराजाबद्दल वाद घालणाऱ्या बहुतेकांना मूळ मजकूर हाताशी असूनही बंदच आहे. प्रत्येक ठशाचा फोटो, पाठ आणि किमान एका चालू भाषेतला सारांश इंटरनेटवर फुकट मिळायला हवा. त्यासाठी लागणारा पैसा एका जयंतीच्या मंडपाच्या तुलनेत फार नाही. माणसे मात्र लागतील, आणि जुनी लिपी वाचणारी माणसे विद्यापीठांतून बाहेर पडली तरी त्यांना नोकरी कुठे आहे?

तोवर देवस्थान समित्या, धर्मादाय खाते आणि बांधकाम विभाग यांना एक गोष्ट आजच करता येईल. जीर्णोद्धाराच्या निविदेत तीन कलमे घालावीत: काम सुरू होण्याआधी सर्व लेखांचे ठसे आणि तिरप्या उजेडातले फोटो, लेख असलेल्या दगडांवर वाळूचा फवारा, आम्ल, सिमेंट आणि ऑइल पेंट यांना मनाई, आणि दगड हलवायचा असेल तर क्रमांकांचा नकाशा. ठसे पुराभिलेख शाखेकडे किंवा जवळच्या विद्यापीठाकडे जमा केल्याची पोच जोडल्याशिवाय ठेकेदाराचे पहिले बिलही मंजूर होऊ नये.